एक पळी तेल

खानदेशात खिचडी ताटात पडते ती वाफाळती, आणि पडल्या पडल्या तिच्या मधोमध बोटाने एक खळगा होतो. तो खळगा तेलाचा. तुपाचा नव्हे. घाण्यावरून आणलेलं शेंगदाण्याचं कच्चं तेल बरणीतून पळीने काढायचं आणि धार न तोडता त्या खळग्यात सोडायचं. शेजारी भाजलेला पापड. बाहेरगावचा पाहुणा हे पाहून जरा अंग चोरतो आणि चौथ्या घासाला स्वतःच पळी मागतो. पळी म्हणायचं ते छापील मराठीत. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’ जिभेवर टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, तशी पळीची पयी.

वाटी आणि चमचा यांच्यामधली ही वस्तू. पूजेच्या ताम्हनात ती पंचपात्राची बायको असते, चुलीपाशी फोडणीची मालकीण. वरण कसं हवं, तर पळीवाढं. म्हणजे ना धड पातळ, ना धड घट्ट, पळीतून सुटेल असं. दांडा लांब, कारण गरम तेलापासून हात दूर हवा. वाटी खोल आणि तोंडाशी किंचित आवळलेली, कारण तेल हिंदकळून चालत नाही.

हीच पळी चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, पाटणच्या देवीच्या देवळात, दगडावर कोरलेली आहे. चित्र नव्हे, शब्द. आणि तो शब्द तिथे आला आहे भास्कराचार्यांमुळे.

भास्कराचार्य म्हटलं की शाळेतला धडा आठवतो, शून्याने भागाकार आठवतो, फार तर १९७९ साली अवकाशात गेलेला भास्कर उपग्रह. त्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इसवी सन १११४. ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला तेव्हा वय ३६. आपलं गाव त्यांनी सह्याद्रीच्या कुशीतलं ‘विज्जडविड’ असं सांगितलं, आणि हे विज्जडविड म्हणजे नेमकं कोणतं यावर विद्वानांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. पाटणचा दावा सोडायला खानदेशी माणूस अर्थातच तयार नसतो. पण पाटणचं खरं मोल जन्मस्थळाच्या वादात नाही. आचार्य गेल्यानंतर त्यांची विद्या जगवायची कशी, याची तजवीज जिथे लेखी झाली ते हे गाव, आणि याबद्दल वाद नाही.

तजवीज केली नातवाने. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. तो सगळ्या शास्त्रांत पारंगत आहे हे पाहून यादव राजा जैत्रपाळाने त्याला इथून आपल्याकडे नेलं, असं शिलालेखच सांगतो. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. (ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे चांगदेव ते वेगळे, खानदेशातच असल्यामुळे घोळ होतो.) या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. सिद्धान्तशिरोमणीपासून सुरुवात, मग आजोबांचे इतर ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांचेही. त्या मठाला इथला निकुंभवंशी मांडलिक राजा सोइदेव याने शके ११२८मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या मुहूर्तावर, दान दिलं. ग्रहण कधी लागणार हे सांगता येणं ज्यांचा व्यवसाय, त्यांना ग्रहणाच्या दिवशी दान. इतका नेमका मुहूर्त क्वचित साधतो.

लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांचा. वंशावळ, विशेषणं, राजांची स्तुती. आणि शेवटी, जिथे कोण काय देणार हे सांगायची वेळ येते, तिथे भाषा एकदम बदलते आणि मराठी सुरू होते. साहजिकच आहे. स्तुती संस्कृतात चालते, पण पैशाची गोष्ट बाजारातल्या प्रत्येकाला कळली पाहिजे. ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’ अशी सुरुवात. केणें म्हणजे विकाऊ माल. या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्याचं जे उत्पन्न राउळाला, म्हणजे सरकारला जायचं, ते मठाला दिलं. मग तपशील: ग्राहकाकडून दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा. ग्राहकाकडून पाच पोफळं. आणि तेल: जितके घाणे वाहतील, तितक्यांमागे ‘पळी पळी तेला’.

त्यातलं ‘वाहतील’ हे क्रियापद पाहण्यासारखं आहे. गावात घाणे किती आहेत ते मोजायचं नाही. चालतात किती ते मोजायचं. तीळ पिकला नाही, बैल मेला, तेली आजारी पडला, तर घाणा उभा राहणार आणि उभ्या घाण्यावर पळी लागू नाही. कर कसा बसवावा याचा इतका समंजस नमुना चार शब्दांत मावलेला पाहून हेवा वाटतो.

आता त्या घाण्यात काय चालतं ते बघू, कारण पळीचं वजन कळायला घाण्याचं गणित हवं. उखळ दगडाची किंवा जड लाकडाची, जमिनीत पक्की रोवलेली. तिच्यात तिरकी उभी लाट. लाटेला जोडलेला आडवा पाट, त्यावर वजनासाठी धोंडे, आणि पाटाच्या टोकाला डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. बैलघाण्यात एका वेळी दहा-बारा किलो तीळ पडतो. पाखडून, खडे काढून. एक खडा राहिला तर लाट आणि उखळ दोन्ही खरवडतात आणि तेलात भुकटी उतरते. पहिला काही वेळ तिळाचं नुसतं पीठ होतं, तेल दिसतच नाही. मग तेली पाण्याचा हबका मारतो. सगळी कारागिरी या हबक्यात आहे. पाणी कमी पडलं तर पीठ लाटेखाली तापून कोरडं होतं आणि तेल त्यातच मुरून बसतं. जास्त झालं तर लगदा होतो, तेल गढूळ निघतं आणि चार दिवसांत खवट होतं. बरोबर पडलं की पीठ कडेला पेंडीसारखं चिकटतं आणि मधल्या खळग्यात तेल साचू लागतं. तिळात तेल जवळजवळ निम्मं असतं, पण बैलाच्या ताकदीने ते सगळं सुटत नाही. दहा किलोला चार किलो हाती लागलं तर घाणा चांगला उतरला म्हणायचं. बाकीचं पेंडीत, आणि पेंड गाईच्या पोटात. एवढं झालं की एक घाणा उतरला. स्वयंपाकघरात पुऱ्यांचा पहिला घाणा, दुसरा घाणा म्हणतात तो शब्द असा तेल्याकडून कढईत आला.

तेल तिळाचं, करडईचं किंवा जवसाचं असणार. शेंगदाणा तेव्हा या खंडात नव्हताच. मिरचीही नव्हती. त्यामुळे सोइदेवाच्या पाटणात शेवभाजी शोधू नये. बेसन असेल, तर्री नसणार.

ताज्या घाण्याचं तेल मोजणं हा प्रकार दिसतो तितका सरळ नाही. ते फेसाळ असतं आणि त्यात पिठाचा गाळ तरंगत असतो. दोन-तीन दिवस भांड्यात निवळू दिलं की गाळ तळाला बसतो. न निवळता पळी भरली तर पळीत तेलाबरोबर गाळ आणि हवाही मोजली जाते. पळी घाईने बुडवली की फेस धरते. तिरकी धरली की काठाशी रेघभर कमी राहतं. बाहेरून निथळू दिली नाही तर घेणाऱ्याच्या भांड्याबरोबर तेल्याचा हातही न्हातो, आणि आतून निथळू दिली नाही तर शेवटचे चार थेंब परत तेल्याच्या घागरीत जातात. तेल पाण्यासारखं सुटत नाही. पळी पालथी धरून धार संपली, थेंब संपले, आणि शेवटचा थेंब लोंबकळत राहिला की मगच ती रिकामी म्हणायची. वाटीला बुडातून आत पोचा पाडला की माप तेच दिसतं आणि तेल कमी मावतं. ही युक्ती पळीइतकीच जुनी असावी.

शिलालेख लिहवणाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. कारण पुढे म्हटलंय की इथे जे मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं, आणि मापणावळ निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला. माप देणगीदाराचं नाही, तेल्याचं नाही. ज्याला तेल मिळायचं त्याचं. आणि मापाऱ्याची मजुरी ठरवून दिलेली, म्हणजे त्याने बोटाचा खेळ करायचं कारण उरत नाही. गणितज्ञाच्या नातवाचा मठ होता तो. माप ढिलं सोडणार नव्हता.

मग पळीत तेल मावायचं किती? आजोबांच्याच पुस्तकात कोष्टक आहे. ‘लीलावती’च्या सुरुवातीला: पाच गुंजांचा एक मासा, १६ माशांचा एक कर्ष, चार कर्षांचं एक पळ. म्हणजे पळ ३२० गुंजांचं. गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची, तेव्हा पळ झालं ३८ ग्रॅमच्या आसपास. समजा पळीत एक पळ तेल मावत होतं, तर आजच्या हिशेबाने जवळजवळ तीन मोठे चमचे. एका घाण्याच्या चार किलोंत हे शंभरातला एक भाग भरतं. तेल्याच्या अंगाला लागेल एवढंही नाही. खिचडीवर घ्यायचं तर खानदेशात दोघांना पुरेल; तिसऱ्याने आपली पयी वेगळी आणावी.

दाम म्हणजे द्रम्म धरला तर विसोव्याचाही हिशेब लागतो. लीलावतीचं नाण्यांचं कोष्टक असं: २० कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला १२८० कवड्या आणि त्याचा विसावा हिस्सा ६४. वीस हा आकडा या कोष्टकात फक्त सर्वांत खालच्या पायरीवर बसतो, वर सगळा चारांचा आणि सोळांचा कारभार. तरी विसोवा निघतो तो पूर्ण कवड्यांत, अपूर्णांक न उरता.

मठात तेल खाण्यापेक्षा जळत जास्त असणार. कापसाची साधी एकेरी वात तासाला पाच ते आठ ग्रॅम तेल पिते. एक पळ तेलात दिवा पाच-सात तास जातो, म्हणजे साधारण दोन प्रहर. एका घाण्याच्या पळीत एका विद्यार्थ्याची रात्र. दिव्याचंही शास्त्र आहे. वात जाड झाली की ज्योत मोठी होते आणि धूर धरते. बारीक झाली की अक्षर दिसत नाही. तेल खाली गेलं की वातीला ते वर ओढता येत नाही आणि ज्योत बसते, म्हणून पणती उथळ आणि पसरट. तेलात घाण्याचं पाणी राहिलेलं असेल तर दिवा तडतडतो, आणि गाळ असेल तर वातीच्या टोकाला कोळशाची गाठ धरते. ती काडीने झाडावी लागते. रात्री तारे पाहायचे असतील तर मात्र हाच दिवा शत्रू. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास जातो आणि एका ज्योतीने तो वाया जातो. ज्योतिषाच्या मठात दिवा कुठे ठेवायचा यावरून बोलाचाली झाल्या नसतील तर नवल.

आणि धूरही फुकट जात नाही. ज्योतीवर मातीचं खापर पालथं धरलं की काजळी जमते. ती खरवडून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलली की शाई. खलणं तास-दोन तासांचं काम नाही. काजळी पाण्याला धरत नाही, वर तरंगते, ती डिंकात पूर्ण मुरेपर्यंत घोटत राहावं लागतं. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाला लागतं. जास्त झाला तर अक्षराला चकाकी येते आणि पुढे पापुद्रा निघतो. तेलाच्या एकाच पळीतून आधी उजेड आणि मग अक्षर. पोथी नकलून घेतली नाही तर वाळवी आणि ओल यांच्यापुढे ती काही पिढ्याच टिकते. शून्याचं माहात्म्य वगैरे नंतर. आधी कुणीतरी रात्री बसून नक्कल करायला हवी.

नकला झाल्या, देशभर झाल्या. १५८७ साली अकबराच्या दरबारात फैजीने लीलावती फारसीत नेली, १८१७ साली कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर लंडनला छापलं गेलं. लीलावतीच्या लग्नाची गोष्ट आपल्याकडे सांगतात तीही या फारसी वाटेने आलेली. मुलीच्या लग्नाची घटका साधायला भास्कराचार्यांनी घटिकापात्र मांडलं, लीलावती वाकून बघायला गेली, तिच्या अंगावरचा मोती पात्रात पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. गोष्ट गोड आहे. पण घटिकापात्राबद्दल खुद्द आचार्यांनी जे लिहिलंय ते तिच्याहून चविष्ट आहे.

घटिकापात्र म्हणजे बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की भोकातून पाणी चढतं आणि वाटी बुडते. दिवसरात्रीत साठ वेळा बुडली पाहिजे. दर बुडण्याला एक घटका, २४ मिनिटं. घटकेची साठ पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. (तापल्या पळीत मोहरी टाकली की शेवटचा दाणा फुटेपर्यंत साधारण एक पळ जातं. वजनाचं पळ वेगळं, वेळेचं वेगळं, हातातली पळी तिसरी.) जुन्या ग्रंथकारांनी या वाटीची कृती दिलेली: तांबं दहा पळं, उंची सहा अंगुळं, रुंदी बारा, आणि भोक केवढं, तर तीन पूर्णांक एक तृतीयांश मासे सोन्याची चार अंगुळं लांब सळई जाईल एवढं. वाचायला भारदस्त. भास्कराचार्यांनी मात्र ही कृती बाजूला सारली. त्यात युक्ती नाही आणि तशी वाटी घडवणंही अवघड, असं त्यांनी स्वतःच्याच टीकेत नोंदवलं. त्यांची कृती अशी: अर्ध्या घागरीच्या आकाराची तांब्याची वाटी घ्या, बुडाला भोक पाडा, दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा, आणि त्या आकड्याने दिवसरात्रीला भागा. जे येईल ते तुमच्या वाटीचं माप.

तांबटाला विचारलं तर तोही हेच सांगेल. सळईच्या जाडीत केसाचा फरक पडला की भोकाच्या क्षेत्रफळात त्याच्या दुप्पट पडतो. उन्हाळ्यात कोमट पाणी भोकातून लवकर शिरतं, थंडीत सावकाश. गढूळ पाण्याचा गाळ भोकाच्या काठाला बसतो, तांब्यावर हिरवी कळा चढते, आणि वाटी रोज थोडी उशिरा बुडू लागते. मोत्याची गरजच नाही. चिमूटभर मातीही मुहूर्त टाळू शकते. यावर उपाय आकडे पाठ करण्याचा नाही, आपलं भांडं आपण तपासून घेण्याचा. ‘मठाच्या मापाने मापावं’ हे वाक्य नातवाच्या दगडावर आलं त्याचं मूळ आजोबांच्या या वाटीत दिसतं, असं म्हणायचा मोह होतो आणि मी तो आवरत नाही.

पाटणला आज मठ नाही. डोंगरी नदी आहे, गौताळ्याचं जंगल आहे, वर पितळखोऱ्याची लेणी. देवीच्या दर्शनाला येणारी माणसं दिव्यात तेल घालतात, बाटलीतून; पळी तिथे फारशी कुणी आणत नाही. चाळीसगाव, भडगाव, पारोळ्याच्या रस्त्यांवर ‘लाकडी घाणा’ अशा पाट्या दिसतात, पण बैलाच्या जागी मोटर आलेली असते आणि तेल लिटरच्या मापात मिळतं. करडईचं हवं असेल तर आधी सांगून ठेवावं लागतं.

राहता राहिली खिचडी. ती लीलावतीत आहे. मिश्रणाच्या उदाहरणांत एक वाटसरू वाण्याच्या दुकानी येतो. भाव असा: एका द्रम्माला साडेतीन मापं तांदूळ, किंवा आठ मापं मूग. वाटसरूजवळ १३ काकिण्या. तो म्हणतो, या घे आणि दोन भाग तांदूळ, एक भाग मूग दे. लवकर दे, आम्हाला लवकर जेवून निघायचंय, तांडा पुढे चाललाय. दोनास एक हे प्रमाण चुलीपाशी उभ्या असलेल्या कुणालाही ओळखू येईल. फक्त आपल्याकडे मुगाच्या जागी बहुधा तूरडाळ.

करायला सोपं आहे. दोन मापं तांदळाला सात भागांतले चार द्रम्म, एक माप मुगाला अष्टमांश द्रम्म. बेरीज ३९ छेद ५६. हाती आहेत १३ छेद ६४ द्रम्म. भागाकार केला की सात छेद २४ येतात. म्हणजे तांदूळ सात छेद बारा माप आणि मूग त्याच्या निम्मे, सात छेद २४. इथे चूक होते ती काकिण्यांचा द्रम्म करताना: पणाला चार, द्रम्माला १६ पण, म्हणून ६४, घाईत १६ने भागलं की वाटसरू चौपट खिचडी घेऊन जातो. तांदळाचे दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिण्या, मुगाचे दोन पूर्णांक एक तृतीयांश. बेरीज बरोबर १३. तेलाला एक कवडीही उरत नाही.